यॉर्कशरच्या शेतकरी-लोकरगिरणीवाल्या घराण्याची वंशावळ काढायचीय? मग इथून सुरुवात करा

आमच्या सूनबाईंच्या सहा पिढ्यांमागच्या एका आजोबांना मी चार महिने दोन वेगळी माणसं समजत होतो. १८४१ च्या जनगणनेत विणकर, १८५१ ला शेतकरी, १८६१ ला कापड कारखानदार आणि मृत्यूच्या दाखल्यावर परत शेतकरी! मी मनातल्या मनात एक जोसेफ विणकर आणि एक जोसेफ शेतकरी असे दोन भाऊबंद करून त्यांच्या दोन फांद्या काढून मोकळा, आणि दोन्हीकडे निम्मी निम्मी पोरं वाटून टाकली होती. माणूस एकच होता. खाली गोठा, वर माडीवर माग.

मी इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या खटखटाटात वाढलेला. मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो, सूनबाई हडर्सफील्डच्या पलीकडे कोल्न नावाची नदी आहे तिच्या खोऱ्यातली. नात झाली तेव्हा उत्साहाच्या भरात बोलून बसलो की आमच्याकडं हेळवी येतो, बैलावर बसून पिढ्यान् पिढ्या म्हणून दाखवतो, तुमच्याकडं हेळवी नसला तरी कागद आहेत ना, मी काढतो. बोलायला काय जातंय. तीन वर्षं गेली त्यात, आता १७७० पर्यंत पोचलोय. लग्नामुळं म्हणा, नोकरीमुळं म्हणा, आपली बरीच मराठी मंडळी त्या भागात आहेत, दोघा-तिघांनी विचारलं कसं केलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. बहुतेक काम घरी बसून होतं, इचलकरंजीतून सुद्धा.

आधी तिथला धंदा समजून घ्या, नाहीतर कागद वाचून काही कळणार नाही. पेनाइन्स म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिमेच्या डोंगररांगा, तिथं जमीन हलकी, थंडी मरणाची, ओट सोडून फारसं पिकत नाही. दहा-पंधरा एकरात पोट भरत नाही म्हणून शेतकरी दोन गाई, थोडी मेंढरं ठेवायचा आणि उरलेल्या वेळात घरात लोकर पिंजायची, बायकापोरांनी कातायची, बाप्यानं विणायची आणि कापड बाजारात न्यायचं. अशा माणसाला तिकडं क्लोदिअर म्हणत. हॅलिफॅक्सला १ जानेवारी १७७९ ला पीस हॉल उघडला, ३१५ खोल्या, असल्याच छोट्या छोट्या लोकांनी कापडाचे ठाण विकायला. अजून उभा आहे, जाऊन बघा. त्या भागातली जुनी घरं लांबून ओळखू येतात, वरच्या मजल्यावर ओळीनं खिडक्याच खिडक्या, मागावर उजेड पडावा म्हणून. गोल्कार गावात अशाच विणकरांच्या घरांत कोल्न व्हॅली म्युझियम आहे. मला तिथला माग बघून काही विशेष वाटलं नाही हे कबूल करतो, पण घराची रचना बघून बाकी सगळं डोक्यात बसलं.

मग पाण्यावरच्या, नंतर वाफेवरच्या गिरण्या आल्या. काही क्लोदिअर गिरणीत मजूर झाले, काहींनी चार-आठ जणांत भागी करून गिरणी टाकली, आणि एखादा फार मोठा झाला. टायटस सॉल्टचं उदाहरण घ्या, ज्यानं सॉल्टेअर हे आख्खं गाव वसवलं, तिथली गिरणी १८५३ ला सुरू झाली. त्याचा बाप डॅनियल आधी मॉर्लीत धंदा करायचा, मग वेकफील्डजवळ क्रॉफ्टनला शेती केली, मग १८२० च्या दशकात ब्रॅडफर्डला लोकरीचा व्यापार. तीन गावं, तीन पेशे, माणूस एक. क्वीन्सबरीचा जॉन फॉस्टरपण तसाच, शेतकऱ्याचा मुलगा, १८१९ पासून घरोघरच्या मागांवर काम देऊन माल करून घ्यायचा, १८३५ ला गिरणी सुरू केली, आणि तिला ब्लॅक डाइक हे नाव मिळालं ते तिथल्या शेतावरून. त्या गिरणीचा बँड अजून जगप्रसिद्ध आहे, शेत कुणाला आठवतंय.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा नियम असा की माणसाच्या मागं लागू नका, घराच्या मागं लागा. पेशा बदलतो, स्पेलिंग बदलतं, वय तर सोयीनं बदलतं, पण डोंगरावरच्या शेतघराचं नाव दोनशे वर्षं तेच राहतं. आमच्या जोसेफच्या शेताला इथं बँक टॉप म्हणतो (खरं नाव वेगळं आहे, पण बँक टॉप नावाची ठिकाणं तिकडं पैशाला पासरी आहेत आणि त्यातल्या बँकेचा पैशाशी संबंध नाही, बँक म्हणजे चढ). चारही कागदांवर पेशा वेगळा असला तरी राहायचं ठिकाण बँक टॉपच होतं. हे मी पहिल्या दिवशी बघितलं असतं तर चार महिने वाचले असते.

सुरुवात घरातून

जे जिवंत आहेत त्यांना आधी विचारा, लगेच, पुढच्या सुट्टीत नाही. आमच्या विहीणबाईंना मी विचारलं तर म्हणाल्या आमच्याकडं काही नाही, आणि दुसऱ्या चहाला आतून एक सॅम्पल बुक घेऊन आल्या. जाड पुठ्ठ्याची वही, पानापानावर कापडाचे दोन बोटं रुंदीचे तुकडे चिकटवलेले, बाजूला शाईनं नंबर, आणि काही तुकड्यांखाली गिऱ्हाईकांची नावं. आमच्या इचलकरंजीत मेस्त्रीच्या कपाटात अशाच वह्या असायच्या, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मागच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं सात पोरांच्या जन्मतारखा लिहून ठेवल्या होत्या. सात! त्यांना चारच माहीत होते.

असलं काही सापडलं तर आधी मोबाइलनं प्रत्येक पानाचा फोटो, रिकाम्या पानाचासुद्धा. आणि एक एक्सेल शीट करा, त्यात रकाने एवढेच: साल, घर, गाव, नाव, वय, पेशा, कुठल्या कागदातून. झाडाचं चित्र काढायची घाई नको, ते शेवटी. आणि शीट माणसाप्रमाणं न लावता घराप्रमाणं लावा, म्हणजे बँक टॉपच्या खाली त्या घरात राहिलेले सगळे, ओळखीचे असोत नसोत, भाडेकरू, गडी, विधवा आत्या, सगळे. त्यातल्या विधवा आत्याचं आडनाव पुढं कुठंतरी उपयोगी पडतं, अनुभव आहे.

जन्म, लग्न, मृत्यू

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. त्याच्या इंडेक्समध्ये तीन-तीन महिन्यांचे गट असतात आणि जन्म नोंदवायला बेचाळीस दिवस मिळायचे, म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं पोर पुढच्या सालाच्या मार्च गटात निघतं, सापडलं नाही म्हणून रडू नका. सुरुवातीच्या वर्षांत बरेच जन्म नोंदवलेच नाहीत, दंडाची सक्ती १८७५ पासून आली.

फ्रीबीएमडी नावाची साइट फुकट आहे, आणि तिकडच्या जनरल रजिस्टर ऑफिसचा स्वतःचा ऑनलाइन इंडेक्सही खातं काढलं की फुकट शोधता येतो. दुसऱ्यात एक सोन्यासारखी गोष्ट आहे, जन्माच्या नोंदीपुढं आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, अगदी १८३७ पासून. म्हणजे बापाचं आडनाव, आईचं माहेर आणि हडर्सफील्ड जिल्हा टाकला की एका जोडप्याची सगळी पोरं एका यादीत येतात, दोन जनगणनांच्या मधे जन्मून गेलेली सुद्धा. पेन्सिलीतल्या सात तारखांपैकी सहा मला अशाच मिळाल्या. सातवी १८३६ ची निघाली, म्हणजे नोंदणीच्या आधीची, तिच्यासाठी चॅपेल गाठावं लागलं, ते पुढं सांगतो.

दाखल्याची प्रत विकत घ्यावी लागते, त्यामुळं सगळ्यांचे दाखले मागवत बसू नका. पैसे घालायचेच तर लग्नाच्या दाखल्यावर घाला. आपल्याकडं नावातच बापाचं नाव असतं, त्यांच्याकडं नसतं, पण लग्नाच्या दाखल्यावर वर-वधू दोघांच्या बापांची नावं आणि पेशे असतात, म्हणजे एका कागदात दोन घराणी. आईचं नाव? ते तिथं यायला २०२१ उजाडलं! वयाच्या जागी नुसतं फुल एज लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ एकवीस किंवा वर, एवढाच.

एक खोड सांभाळा. पोर गेलं की पुढच्या पोराला तेच नाव द्यायची पद्धत सर्रास होती. जन्माची नोंद सापडली म्हणून उड्या मारू नका, त्याच नावाची मृत्यूची नोंद आधी बघा, नाहीतर दोन वर्षांच्या वारलेल्या बाळाला तुम्ही पुढं बारा नातवंडं चिकटवाल. इंटरनेटवरच्या लोकांनी बनवलेल्या झाडांत हा घोळ इतका आहे की मी ती झाडं आता फक्त इशारा म्हणून बघतो. एकानं चुकायचं, चाळीस जणांनी कॉपी करायचं, आणि एक्केचाळीसाव्याला वाटतं की एवढे लोक म्हणतायत म्हणजे खरंच असणार.

जनगणना, म्हणजे खरी मजा

दर दहा वर्षांनी, आणि नावानिशी पूर्ण देशाची १८४१ पासून. १८४१ ची जरा कच्ची आहे, पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायला सांगितलेली, म्हणजे आमचा अडतीस वर्षांचा जोसेफ तिथं पस्तीसचा दिसतो. नातं लिहिलेलं नाही, जन्मगाव नाही, फक्त याच काउंटीत जन्म का, हो की नाही. त्यामुळं त्या घरातली बाई बायको का बहीण हे त्या पानावरून ठरवू नका.

१८५१ पासून नातं, वय, जन्मगाव सगळं येतं. आणि आपल्या कामाचं म्हणजे शेतकऱ्याला किती एकर आणि किती गडी, धंदेवाल्याला किती कामगार, हे त्यात विचारलेलं आहे. जोसेफच्या पुढं १४ एकरांचा शेतकरी असं होतं आणि पुढच्या पानावर जायच्या आधी मी ते वाचून शीटमध्ये टाकून मोकळा झालो. पण त्याच घरातल्या सोळा वर्षांच्या मुलापुढं वुलन विव्हर आणि तेरा वर्षांच्या मुलीपुढं पीसनर लिहिलं होतं ते मी वाचलंच नव्हतं. घरप्रमुखाचा पेशा खोटं बोलू शकतो, पोरांचे पेशे वाचा, माग कुठं होता ते तिथं कळतं.

पीसनर म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून असल्या शब्दांची थोडी ओळख करून देतो. लोकर गिरणीत आली की स्टेपलरनं तिची प्रत लावून विकलेली असते. मग ती विली नावाच्या यंत्रात फोडून मोकळी करतात, स्क्रिब्लर ती पिंजतो, स्लबर त्याचे जाड पेळू काढतो आणि पीसनर म्हणजे ते पेळू हातानं एकमेकांना जोडणारं पोरगं, हाताची सालटी निघायची म्हणे. फुलर म्हणजे विणलेलं कापड पाण्यात कुटून आटवून घट्ट करणारा. पूर्वी धुवायला साठवलेलं मूत वापरायचे, घरोघरून गोळा करून (जेवताना वाचत असाल तर माफ करा). क्रॉपर म्हणजे मोठ्या कातरीनं कापडावरची लव कापणारा, हे लोक चांगले पैसे कमवायचे आणि यंत्रानं यांचीच भाकरी गेली म्हणून १८१२ चं लडाइट बंड झालं, गिरणीमालक विल्यम हॉर्सफॉल त्यात मारला गेला आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जणांना फाशी दिलं. बर्लर कापडातल्या गाठी-काड्या वेचणारी, मेंडर म्हणजे आपल्याकडचं मेंडिंगच, ओव्हरलुकर म्हणजे आपला जॉबर. आणि हो, वुलन आणि वुस्टेड एक नव्हे. वुलनची लोकर आखूड, पिंजून कातलेली, कापड आटवलेलं. वुस्टेडची लोकर लांब, विंचरून सरळ केलेली, कापड गुळगुळीत, ते ब्रॅडफर्डकडचं. वूलकोम्बर लिहिलं असेल तर वुस्टेडचा माणूस, त्याला वुलनच्या गिरणीत शोधू नका. आपल्या सनगरांना घोंगडी आणि शाल यांतला फरक विचारला तर जे सांगतील तसलंच काहीतरी.

पोरापुढं हाफ-टाइमर लिहिलेलं असेल तर अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. १८३३ च्या फॅक्टरी कायद्यानं नऊच्या खालच्यांना गिरणीत बंदी घातली, आणि १८४४ ला अर्धवेळ आणताना वय परत आठवर आणलं. आठ वर्षांचं पोर.

अक्षराचं सांगायचं राहिलं. जनगणनेच्या पानावर प्रत्येक ओळीत डू डू डू दिसतं, मला वाटलं कसलं तरी आडनाव आहे, ते डिट्टोचं आखूड रूप निघालं, म्हणजे वरीलप्रमाणे. दोन एस लागोपाठ आले की पहिला एफसारखा काढायचे, त्यामुळं मॉसचं मॉफ्स होतं. आणि नावं तोडून लिहितात: जे-एन-ओ म्हणजे जॉन, डब्ल्यू-एम म्हणजे विल्यम, जे-ओ-एस म्हणजे जोसेफ, जे-ए-एस म्हणजे जेम्स. ओ आणि ए मधला फरक एवढुसा असतो. माझ्या शीटमध्ये सात-आठ महिने एक जोसेफ नांदत होता, तो शेजारच्या घरातला जेम्स निघाला. पान मोठं करून त्याच लेखनिकाचे दुसरे ओ आणि ए शेजारी ठेवून बघा, हाच उपाय.

गावांची नावंसुद्धा लेखनिक ऐकून लिहायचा. स्लेथवेट असं स्पेलिंग असलेल्या गावाला तिथले लोक स्लॉइट म्हणतात, लिन्थवेटला लिन्फिट, मग तो बिचारा काय लिहील. आणि काही गावांचं नावच बदललं, क्वीन्सबरीचं नाव १८६३ पर्यंत क्वीन्सहेड होतं, म्हणून एकाच बाईचं जन्मगाव १८६१ ला एक आणि १८७१ ला दुसरं दिसलं तर दोन बायका करू नका, माझ्यासारख्या.

१८८१ ची जनगणना फॅमिलीसर्च या साइटवर फुकट शोधता येते. बाकीच्यांना वर्गणी लागते, पण इंग्लंडात असाल तर बऱ्याच सरकारी लायब्ररींत अँसेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या साइट बसून फुकट वापरता येतात, मी सुनेच्या गावच्या लायब्ररीत पंधरा दिवस डबा घेऊन जात होतो. १९११ चं पान मात्र चुकवू नका. ते घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं भरलेलं असतं, आणि त्यात लग्नाला किती वर्षं, किती पोरं झाली, किती जिवंत, किती गेली, असे रकाने आहेत. जोसेफच्या नातसुनेच्या पुढं ९, ५, ४. ते मी विहीणबाईंना दाखवलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. १९३१ शोधू नका, ती १९४२ च्या आगीत जळाली.

चर्च आणि चॅपेल

१८३७ च्या मागं गेलात की देवळाच्या वह्या. सरकारी चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, नोंदी १५३८ पासून आहेत, पण १८१३ पासून छापील फॉर्म आले आणि त्यात बापाचा पेशा व राहायचं ठिकाण येतं, म्हणजे परत आपलं शेताचं नाव! वेस्ट यॉर्कशरच्या बऱ्याच वह्या अँसेस्ट्रीवर आहेत.

पण हे विणकर लोक चर्चला मानणारे कमी, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, इंडिपेंडंट असल्या चॅपेलांत जाणारे जास्त. आणि कायदा असा की १७५४ ते १८३७ क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांनी लग्न सरकारी चर्चमध्येच लावायचं. म्हणून लग्न चर्चच्या वहीत सापडतं आणि पोरांचा पत्ता नाही, नवीन माणूस इथं हमखास अडकतो, मीही अडकलो. पोरं चॅपेलच्या वहीत असतात. त्यातल्या बऱ्याच वह्या १८३७ नंतर सरकारजमा झाल्या, लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आर-जी-४ या नंबराखाली, आणि त्यांचे फोटो वर्गणीच्या साइटवर आहेत. आमची १८३६ ची सातवी तारीख तिथंच सापडली. बॅप्टिस्टांत मात्र बाळाचा बाप्तिस्मा नसतो, मोठेपणी असतो, त्यांच्या वहीत जन्माची नोंद बघायची.

नावांचं एक तिथलं वैशिष्ट्य सांगतो, आडनाव पहिलं नाव म्हणून द्यायची हौस. ग्रीनवुड सटक्लिफ असाही माणूस असतो आणि सटक्लिफ ग्रीनवुड असाही. बहुतेक वेळा ते आईचं किंवा आजीचं माहेर असतं, आणि आईचं लग्न झालेलं नसेल तर कधी कधी बापाचं आडनाव तसं चिकटवून ठेवलेलं असतं. बोलण्यात तर टॉम ओ बिल्स ओ जॅक्स, म्हणजे जॅकच्या बिलचा टॉम, असं म्हणायचे, कारण एकाच गावात एकाच नावाचे दहा टॉम. आपल्या खेड्यात वेगळं काय असतं.

जमीन

हा भाग लोक सोडून देतात आणि इथंच खरा माल आहे. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणीचे, नकाशे फुकट आहेत. यॉर्कशरचे सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे १८५० च्या आसपासचे, त्यात एकेक शेतघर, गिरणी, गिरणीचा तलाव नावानिशी दाखवलाय. नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून सरकवता येतो, मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सरकवत बसायचो.

मग टाइथ नकाशे, म्हणजे १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या दशांश कराची रोख रक्कम ठरवायला केलेले. सोबत तक्ता असतो, प्रत्येक वावराचा नंबर, नाव, मालक, कसणारा. सगळ्या गावांचे नाहीत, पण असलाच तर वावरांची नावं वाचा. टेंटर क्रॉफ्ट असं नाव दिसलं की समजायचं इथं कापड वाळायचं. फुलिंग केलेलं ओलं कापड लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून उन्हात लावायचे, ती चौकट म्हणजे टेंटर. जोसेफला नुसता शेतकरी म्हणणारे शंभर कागद असू देत, त्याच्या घरामागचं वावर टेंटर क्रॉफ्ट आहे, विषय संपला.

शेतकरी मालक होता का कूळ, हे बघा. बहुतेक कूळच असतो. स्लॉइट भागात बरीच जमीन अर्ल ऑफ डार्टमथच्या इस्टेटीची होती, हडर्सफील्ड शहर तर जवळजवळ सगळं रॅम्सडेन घराण्याचं, १९२० मध्ये नगरपालिकेनं ते विकत घेतलं. कूळ असेल तर इस्टेटीच्या खंडाच्या वह्या शोधायच्या. मालक असेल तर वेकफील्ड. तिथं वेस्ट रायडिंगची, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागाची, दस्त नोंदणी कचेरी १७०४ ते १९७० चालली, त्या वह्या आता वेकफील्डच्या वेस्ट यॉर्कशर हिस्ट्री सेंटरमध्ये आहेत. आपल्याकडचं इंडेक्स टू समजा, पण तीनशे वर्षांपूर्वीपासूनचं. एवढं मोठं दप्तर इंग्लंडात फार थोड्या ठिकाणी आहे. मॅनॉर ऑफ वेकफील्ड या जुन्या जहागिरीच्या कोर्टाच्या गुंडाळ्या तर १२७४ पासूनच्या, जमीन बापाकडून पोराकडं गेली की तिथं नोंद, म्हणजे आपला वारस फेरफारच की. जुन्या लॅटिनमध्ये आहेत, मी हात लावला नाही, मोडी शिकायची राहिली ती आधी शिकेन म्हणतो.

तिथं जायच्या आधी ईमेल करून वह्या मागवून ठेवा आणि फोटोचे नियम विचारा. एका कचेरीत मी न विचारता गेलो, तो नेमका बंदचा दिवस, बसचं भाडं वाया आणि वर पाऊस. चूक माझीच.

गिरणी, भागी, मृत्युपत्र

जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या लेस्टर विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. बेन्सची १८२२ ची यॉर्कशरची घ्या, गावाखाली क्लोदिअर, मर्चंट, फुलिंग मिल अशी यादी असते. पण यादीत येणारा जरा बरा माणूस, नुसता विणकर तिथं येत नाही.

लंडन गॅझेट, म्हणजे तिकडचं सरकारी राजपत्र, मात्र सगळ्यांनी बघा, फुकट आहे आणि शोधता येतं. भागी मोडली की तिथं जाहीर करायचे, दिवाळं निघालं तरी. १८५० च्या दशकातल्या एका नोटिशीत जोसेफ, त्याचा मेहुणा आणि आणखी तिघं गिरणीची भागी आपसमजुतीनं मोडतायत, खाली पाचांच्या सह्यांची नावं. मेहुण्याचं आडनाव वाचलं आणि बायकोचं माहेर, जे लग्नाच्या वहीत पुसट होतं, ते एकदम उघडं पडलं. आपसमजुतीनं वगैरे लिहितात, पण पुढं चॅपेलांच्या वह्यांत दोघांची पोरं वेगवेगळ्या चॅपेलात जाताना दिसली म्हटल्यावर काय समजायचं ते आपण समजतो, भागीदारी काय आम्ही बघितली नाही का.

मृत्युपत्राचं साल महत्त्वाचं. १२ जानेवारी १८५८ पासून सरकारी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मंजुरी, त्याचं सालवार कॅलेंडर ऑनलाइन आहे, नाव, तारीख, मालमत्तेची रक्कम, व्यवस्था बघणाऱ्यांची नावं फुकट वाचता येतात, पूर्ण प्रतीला फी. त्याच्या आधीचं यॉर्कशरचं मृत्युपत्र चर्चच्या कोर्टात, ते यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. जोसेफ १८६८ ला गेला. त्याच्या मृत्युपत्रात थोरल्याला शेताची वहिवाट आणि दोन गाई, मधल्याला गिरणीतला आठवा हिस्सा, धाकट्याला माग आणि विणायचं सगळं सामान. मला वाटलं बिचारा धाकटा, १८६८ मध्ये हातमाग घेऊन काय करणार. सॅम्पल बुक त्याचंच निघालं. तो भारी नक्षीच्या कापडाचा डिझायनर झाला, १८८१ ला तसं लिहिलंय.

जुनी वर्तमानपत्रं वर्गणीवर मिळतात, लीड्स मर्क्युरी, हडर्सफील्ड क्रॉनिकल वगैरे. गिरणीला आग, बॉयलरचा स्फोट, जनावरांचं प्रदर्शन, सगळं. आणि होमफर्थच्या खोऱ्यात कुणी १८५१ नंतर एकदम गायब झालं असेल तर बिल्बेरी धरण आठवा, ५ फेब्रुवारी १८५२ ला मध्यरात्रीनंतर फुटलं, ८१ माणसं गेली, गिरण्या वाहून गेल्या.

गायब झालेले

मेला नाही, सापडतही नाही, तर तो बहुधा बोटीनं गेला. लोकरीतला कसबी माणूस अमेरिकेत हवाच होता. थॉमस के यॉर्कशरचाच, १८३७ चा जन्म, गिरणीत शिकला, अमेरिकेला गेला आणि १८८९ मध्ये ऑरेगनच्या सेलम गावात स्वतःची लोकरगिरणी काढली, त्याच्या मुलीच्या मुलांनी १९०९ मध्ये पेंडल्टनची गिरणी हातात घेतली, ती ब्लँकेटं आजही विकतात. बघा, धंदा मुलीच्या बाजूनं चालला आणि आडनाव बिशप झालं, नुसतं के आडनाव शोधणारा तिथंच थांबला असता. लेकींच्या फांद्या तोडू नका.

डीएनए टेस्टबद्दल एवढंच की घरातल्या सगळ्यांना आधी विचारा, नको म्हणाले तर नको. आणि जिवंत माणसांची नावं-तारखा ऑनलाइन झाडावर उघड्या ठेवू नका.

शेवटी स्मशान

हे शेवटी ठेवा, कारण आधी गेलात तर कुठला दगड बघायचा ते कळत नाही. हडर्सफील्ड आणि कॅल्डरडेल (हॅलिफॅक्सकडचा भाग) दोन्हीकडं फॅमिली हिस्टरी सोसायट्या आहेत, त्यांच्या लोकांनी बऱ्याच चॅपेलांच्या दगडांवरचे मजकूर आधीच उतरवून ठेवलेत, पहिल्यांदा ते विचारा. दगड घासायला तारेचा ब्रश अजिबात नको, साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही जागेच्या मालकाला विचारून. चॅपेल विकून त्याचे फ्लॅट झालेले असतात आणि दगड कडेला भिंतीला टेकवून ठेवलेले, त्यामुळं कोण कुठं पुरलंय याचा दगडाच्या जागेवरून अंदाज बांधू नका. संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, अक्षरं उठून दिसतात, नाहीतर मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरा.

आम्ही गेलो तेव्हा ऊन कुठलं, झिम्मड पाऊस, नात कडेवर, सूनबाई छत्री धरून आणि मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून दगड पुसतोय. वर शेवाळ, खाली गवत. गवत बाजूला केलं तर खालच्या दोन ओळी नीट राहिल्या होत्या. जोसेफ ऑफ बँक टॉप. पेशा लिहिलेलाच नव्हता.